पहिला स्प्रिंट चालवता चालवता स्क्रमचे शब्द कसे समजून घ्यावेत

केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या स्क्रमचे, म्हणजे टीमने छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचे, शब्द पाठ करून लक्षात राहत नाहीत. एक स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा एक टप्पा, चालवला की ते अंगवळणी पडतात. समजा, चार-पाच जणांच्या टीमला दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं ॲप करायचं आहे.

१. बॅकलॉग लिहा. ॲपमध्ये जे जे हवं त्याची एकच यादी, महत्त्वाचं सगळ्यात वर. क्रम लावतो प्रॉडक्ट ओनर, आणि तो एकच माणूस असावा. यादीतली नोंद वापरणाऱ्याच्या बाजूने लिहा: 'रुग्णाला मोबाईलवरून उद्याची वेळ घेता यावी.' ही यूजर स्टोरी. शब्द मूळचा एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा, पण स्क्रम टीमही तो सर्रास वापरतात. 'डेटाबेसमध्ये टेबल बनवणे' ही मात्र स्टोरी नव्हे, कारण त्यातून रुग्णाच्या हाती काहीच पडत नाही.

२. स्प्रिंटची मुदत ठरवा. कमाल एक महिना. नव्या टीमला दोन आठवडे बरे. काम उरलं तर ते बॅकलॉगमध्ये परत जातं, मुदत वाढत नाही.

३. 'झालं' म्हणजे काय ते कोड लिहिण्याआधी ठरवा. याला डेफिनिशन ऑफ डन म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा शब्द हाच. "झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे," हे तुम्ही ऐकलं असेलच. टेस्टिंग बाकी आहे म्हणजे काम झालेलं नाही! भिंतीवर लिहून ठेवा: कोड दुसऱ्याने वाचला, टेस्ट पास झाल्या, टेस्ट सर्व्हरवर चढवला, स्वस्तातल्या फोनवर चालवून पाहिला. चारांतलं एक जरी राहिलं तरी ती स्टोरी पूर्ण झालेल्यांत मोजू नका. 'नव्वद टक्के झालं' हे उत्तर स्वीकारू नका. उरलेल्या दहा टक्क्यांतच आठवडा जातो.

४. रोज पंधरा मिनिटं डेली स्क्रम. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न अजून अनेक ठिकाणी विचारतात. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून ते काढले आहेत. साहेबांना हिशेब देण्यासाठी ही बैठक नाही. डेव्हलपरांनी आपसात दिवसाची आखणी करायची आणि उठायचं.

५. शेवटी रिव्ह्यू. स्लाइड दाखवू नका, चालतं ॲप दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टच्या हातात द्या आणि ती कुठे अडखळते ते पाहा. त्यानंतर रेट्रोस्पेक्टिव्ह: इथे ॲपवर नाही, आपल्या काम करण्याच्या पद्धतीवर बोलायचं. दहा सूचना येतील. त्यातली एकच निवडा आणि पुढच्या स्प्रिंटच्या कामांत घाला.