क्वांटम एरर करेक्शन शिकायचंय? आधी चिपची ओळख करून घ्या

क्वांटम संगणकातल्या चुका ओळखून सावरण्याच्या या क्षेत्रात मी गणिताच्या बाजूने आलो. सरफेस कोड (क्युबिटांच्या, म्हणजे क्वांटम बिटांच्या, जाळीवर माहिती पसरवून ठेवणारा कोड), स्टॅबिलायझर (चुकीची खूण दाखवणाऱ्या तपासण्या), डिकोडर (त्या खुणांवरून चूक शोधणारा प्रोग्राम) सगळं जमत होतं. चिपवरच्या प्रत्येक क्युबिटला सारख्याच शक्यतेने आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका होतात, असं मी धरून चाललो होतो. स्टिम या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशनही सुरेख यायचं.

मग खऱ्या चिपचा डेटा हातात आला. आडव्या अक्षावर तपासणीच्या फेऱ्या, उभ्यावर मोजणीचे क्युबिट, चूक दिसली तिथे काळा ठिपका. ठिपके विखुरलेले हवे होते. एका क्युबिटच्या ओळीत मात्र लागोपाठच्या फेऱ्यांत त्यांची दाटी झाली होती. दोन दिवस मी डिकोडरमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी चिप अतिथंड ठेवणाऱ्या फ्रिजवर काम करणाऱ्या सहकारी मुलीने पडद्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा लीक झालाय."

ट्रान्समॉनला, म्हणजे आमच्या चिपवरच्या अतिवाहक सर्किटच्या क्युबिटला, शून्य आणि एकच्या वर आणखी पातळ्या असतात. क्युबिट दोनवर जाऊन बसला, म्हणजे लीक झाला, की साध्या रीसेटला (पुन्हा शून्यावर आणण्याला) दाद देत नाही, शेजाऱ्यांनाही बिघडवतो. आम्हाला ती जादा ऊर्जा दर फेरीला रेझोनेटरमध्ये (क्युबिटला जोडलेल्या मायक्रोवेव्ह सर्किटमध्ये) सोडून देणारा रीसेट लावावा लागला. माझ्या डिकोडरमध्ये काहीच चूक नव्हती.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: हार्डवेअर कुठल्या प्रकारची चूक करतं, हे आधी पाहा. गूगलच्या विलो चिपवर २०२४ मध्ये कोडचं अंतर (माहिती नकळत बिघडायला किमान किती क्युबिटांवर चुका व्हाव्या लागतात तो आकडा) ३ वरून ५, ५ वरून ७ केल्यावर चुकीचं प्रमाण दर पायरीला निम्म्याहून थोडं खाली आलं. हे मोठंच काम आहे, पण क्युबिट पुष्कळ लागतात. कॅट क्युबिटची, म्हणजे रेझोनेटरमधल्या मायक्रोवेव्ह फोटॉनांत माहिती ठेवणाऱ्या क्युबिटची, वाट निराळी. रेझोनेटरमधून फोटॉन जोडीजोडीनेच बाहेर पडतील अशी रचना केली, की फोटॉन वाढवत जाल तसा बिट-फ्लिप (शून्याचा एक किंवा एकचा शून्य होणं) घातांकी वेगाने घटतो. फेज-फ्लिप (शून्य आणि एकच्या मिश्रणातलं चिन्ह उलटणं) वाढतो, पण फक्त सरळ प्रमाणात. मग एकाच प्रकारची चूक सावरणाऱ्या साध्या रिपिटिशन कोडवर भागू शकतं. अमेझॉनची २०२५ मधली ऑसिलॉट चिप याच वाटेवरची आहे.

मला सर्वात भावतो तो ड्युअल-रेल क्युबिट. दोन मायक्रोवेव्ह पोकळ्यांत मिळून एकच फोटॉन; तो कुठल्या पोकळीत आहे, तीच माहिती. तो हरवला की कुठे हरवला हे कळतं. अंतर ७ चा कोड जागा माहीत नसलेल्या ३ चुका सावरतो, जागा माहीत असलेल्या ६. हा फरक मला समजला त्या दिवशी मी विषयच बदलला.

तयारी म्हणाल तर लिनियर अल्जिब्रा, हार्मोनिक ऑसिलेटर, लिंडब्लाड समीकरण (बाहेर ऊर्जा गळणाऱ्या क्वांटम प्रणालीचं), आणि थोडं मायक्रोवेव्ह. क्यूटिप या पायथन लायब्ररीत कॅट स्वतः बनवून पाहा. आणि संधी मिळाली तर एकाच ट्रान्समॉनचा टी१ (तो एक या पातळीवर सरासरी किती वेळ टिकतो तो काळ) रात्रभर, दर दहा मिनिटांनी मोजा. माझ्या आलेखात मध्यरात्रीनंतर तो निम्म्यावर आला होता आणि पहाटे पुन्हा वर गेला. फ्रिजला कुणी हातही लावला नव्हता. चिपवरच्या ऑक्साइडमधल्या एखाद्या सूक्ष्म दोषाची वारंवारता सरकत सरकत क्युबिटच्या वारंवारतेवर आली असावी आणि पुढे निघून गेली असावी.