वृषणातल्या स्टेम सेल वाढवताय? मग या चुका टाळा

उंदराच्या वृषणातून शुक्राणू तयार करणाऱ्या स्टेम सेल काढून डिशमध्ये वाढवायचं काम कोल्हापुरात करणारी पोरं थोडीच, पण जी येतात ती त्याच त्याच चुका करतात आणि मग मला रात्री फोन येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. या पेशी मुळातच कमी, जननपेशींच्या साधारण ०.०३ टक्के, त्यामुळं हलगर्जीपणा चालत नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बी-२७ (पेशींच्या खुराकात घालायचं तयार मिश्रण) ची बाटली न वाचता मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, घालणं. ओळखीच्या एका लॅबमधली पोरगी अगदी रडकुंडीला आलेली. कॉलनी, म्हणजे पेशींचे पुंजके, सुरुवातीला द्राक्षाच्या घडासारख्या घट्ट यायच्या, मग हळूहळू मोकळ्या व्हायच्या, पेशी साखळीनं लांबायच्या आणि शेवटी प्लेटवर नुसते फायब्रोब्लास्ट (आधार-ऊतीच्या नको असलेल्या पेशी) उरायचे. सगळ्यांनी सांगितलं जीडीएनएफ (या पेशींना टिकवणारं ग्रोथ फॅक्टर प्रोटीन) खराब आहे, नवीन मागव. एवढं महाग प्रोटीन परत मागवलं, तरी तेच. मी गेलो आणि आधी फ्रीज उघडला, तर आत व्हिटॅमिन ए असलेलं साधं बी-२७! व्हिटॅमिन ए नसलेलं स्टॉकमध्ये नव्हतं म्हणून सप्लायरनं हे पाठवलेलं आणि लेबल कुणीच बघितलं नव्हतं.

यात झालं काय, तर साध्या बी-२७ मध्ये रेटिनिल ॲसिटेट, म्हणजे व्हिटॅमिन ए चंच एक रूप, असतं, पेशींमधली एन्झाइम त्याचं रेटिनोइक ॲसिड करतात आणि ते एसटीआरए-८ आणि किट ही जनुकं चालू करतं, म्हणजे पेशीला सांगतं की आता डिफरन्शिएट हो, स्टेम सेलपण सोडून शुक्राणूच्या वाटेला लाग. दुसऱ्या बाजूनं जीडीएनएफ ईटीव्ही-५, बीसीएल-६बी, आयडी-४ ही जनुकं चालू ठेवून तिला स्टेम सेल म्हणून टिकवायला बघतं. अशा वेळी जीडीएनएफ दुप्पट ओतून काही होत नाही, आधी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए आणि त्याची रूपं) काढा. कॉलनी सुटायला लागल्या की मी पहिल्यांदा किट आणि एसटीआरए-८ चं क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजायची टेस्ट) लावतो, खरेदीचं नंतर बघू.

दुसरी चूक, पेशी सुस्त दिसल्या की अँटिऑक्सिडंट घालणं. क्योटोच्या ग्रुपनं २०१३ मध्येच दाखवलंय की या पेशींना विभाजनासाठी थोडे आरओएस (ऑक्सिजनपासून बनणारे क्रियाशील रेणू, जे अँटिऑक्सिडंट दाबतात) लागतातच, ते पार दाबले तर वाढ मंदावते. पण सिनियरनं सांगितलं म्हणून एनएसी हे अँटिऑक्सिडंट ओतायचं, आणि का ते विचारायचं नाही, हे मला पटत नाही. या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडण्यावर, चालतात आणि डिफरन्शिएट होताना मायटोकॉन्ड्रियावरचा (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या भागांवरचा) भर वाढतो. मिक आणि एन-मिक ही जनुकं काढली तर ग्लायकोलिसिस पडतं आणि स्वतःसारख्या पेशी तयार करणंही पडतं, म्हणजे पेशी काय खाते आणि कुठली जनुकं चालतात हे वेगळं काढताच येत नाही. म्हणून जमत असेल तर ऑक्सिजन हवेपेक्षा कमी, १० टक्क्यांवर ठेवा, आणि दर तासाला कॉलनी बघायला इन्क्युबेटर उघडू नका, पेशी काही पळून जात नाहीत.

पीएलझेडएफ (स्टेम सेल ओळखायला वापरतात ते मार्कर प्रोटीन) पॉझिटिव्ह म्हणजे स्टेम सेल, असं पोस्टरवर लिहू नका. ते मार्कर डिफरन्शिएट व्हायच्या वाटेवर पुढं गेलेल्या प्रोजेनिटर पेशींमध्येही असतं. खरा पुरावा ट्रान्सप्लांट, अमेरिकेतल्या राल्फ ब्रिन्स्टरच्या लॅबनं १९९४ मध्ये दाखवलेला, पेशी दुसऱ्या उंदराच्या वृषणात सोडायच्या आणि तिथं शुक्राणू तयार होतात का बघायला दोनेक महिने थांबायचं. घाई असेल त्यांनी हे फील्ड घेऊच नये, सरळ सांगतो.

मीडियममध्ये सिरम (रक्तातला द्रव भाग) जास्त घातलं की फायब्रोब्लास्ट माजतात, कमी घाला.

सी-५७ जातीच्या उंदरांवर हात बसवू नका, डीबीए-२ जातीची पिल्लं घ्या, पाच ते आठ दिवसांची.

मायकोप्लाझ्मा (डिशमध्ये शिरणारे बारीक जीवाणू) टेस्ट दर महिन्याला, पैसे नाहीत हे कारण चालणार नाही.

आणि जीडीएनएफ आल्या आल्या छोट्या छोट्या अलिकॉटमध्ये (वाट्यांमध्ये) वाटून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा, एकच व्हायल पुन्हा पुन्हा वितळवू नका. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं तेव्हा पुण्याहून काही येतच नव्हतं, तेव्हापासून पावसाळ्याचा स्टॉक मी मे महिन्यातच भरून ठेवतो.