जुनापाणीची शिळावर्तुळं: गाईडसोबत फेरी कशी करावी

नागपूरजवळ काटोल रोडवरचं जुनापाणी ही लोहयुगातली दफनभूमी आहे. काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. तरी परतणारे निम्मे लोक म्हणतात, "नुसते गोटेच तर आहेत ना!" त्यांची फेरी कुणीतरी उरकून टाकलेली असते, दुसरं काही नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी, या तीन महिन्यांतच जा. "पावसाळा संपला की जा, हिरवंगार असतं" असं सांगणाऱ्याने जागा बघितलेली नाही, हे पक्कं समजा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तरोटा आणि गवत इतकं माजतं की वर्तुळ ओलांडून पुढे गेलात तरी पत्ता लागत नाही. सापकिरडूची धास्ती वेगळीच. मे महिन्याचं नागपूरकराला काय सांगायचं?

बंद बूट घाला. सुती मोज्यांत कुसळं अशी रुततात की घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं.

वर्तुळांच्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. म्हणून गाईड निवडताना एकच प्रश्न विचारा: "दगडांवरचे खळगे दाखवाल ना?" समोरचा "कोणते खळगे?" म्हणाला तर नमस्कार करून फोन ठेवा. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात शिकलेला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. गट दहाच्या वर नको, कारण एका दगडाभोवती सगळ्यांना उकिडवं बसता आलं पाहिजे. तर्री-पोहे आधीच खाऊन घ्या आणि सकाळी साडेसातला जागेवर हजर राहा.

पहिल्या वर्तुळाशी गाईड थेट मधल्या उंचवट्यावर चढायला निघाला तर त्याला थांबवा. तो माती-गोट्यांचा ढीग म्हणजे थडगं आहे, भाषणाचा ओटा नव्हे. शिवाय मध्ये उभं राहिलं की वर्तुळ दिसतच नाही. कडेच्या दगडांच्या बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. कुठे दगड खचलाय, कुठे गायब झालाय, हे चालतानाच कळतं.

आता खळगे. बहुतेकांची फेरी इथेच फसते, आणि मलाही ते दिसायला बराच काळ गेला. कडेच्या काही दगडांवर वाटीच्या आकाराचे उथळ, गोल खड्डे कोरलेले आहेत. ते शोधायला लोक दगडाकडे टक लावून बघतात. बघायची असते ती सावली. हिवाळ्यात सकाळी ऊन तिरपं पडतं, तेव्हा खळग्याच्या एका काठाला बारीक काळी कोर उमटते. ऊन तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं बसा आणि नजर दगडाच्या पातळीला आणा. सूर्याकडे पाठ करून उभे राहिलात तर दगड सपाटच दिसणार.

दहा वाजून गेले आणि ऊन वर आलं? मग छत्री धरून दगडावर सावली करा आणि मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. दिसेनासे झालेले खळगे परत उठून दिसतात.

खडू फासू नका. पाणी ओतू नका. "खडू फासा, पाणी ओता" असे सल्ले जो तो देतो आणि दोन्ही बिनकामाचे आहेत. पाण्याने काळा दगड चकाकतो आणि सावली मरते. खडूची भुकटी खळग्यात बसते आणि पुढच्याला धड काही दिसत नाही.

दिसला खड्डा की तो माणसानेच केलेला, असंही नाही. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या दगडात, वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतातच. ती वेडीवाकडी, लहानमोठी, कुठेही विखुरलेली. कोरलेले खळगे साधारण एका मापाचे, काठाला गुळगुळीत आणि बहुतेकदा ओळीत असतात. एक सापडला की त्याच रेषेत पुढे बघा. शेजारी दुसरा नसेल तर हुरळून जाऊ नका.

हे खळगे कशासाठी? खळगे असलेले दगड वर्तुळात ठरावीक दिशांनाच येतात का, हे संशोधकांनी मोजून पाहिलंय, आणि त्याचा आकाशाशी संबंध असावा असा त्यांचा तर्क आहे. "ही वेधशाळाच होती" असं गाईड छातीठोकपणे सांगू लागला तर ऐकून घ्या, मान मात्र डोलावू नका.

उत्खननाची गोष्ट त्याच्याकडून जरूर ऐका. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खणलं आणि हे खळगे युरोपातल्या तशाच खुणांशी ताडून पाहिले. पुढे १९६१-६२ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खोदकाम केलं. लोखंडी कट्यारी, कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, काळी-तांबडी मडकी असं बरंच काही इथून निघालं.

दगडावर बसू नका, खापराचा तुकडासुद्धा खिशात टाकू नका. जागा पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

चार-पाच वर्तुळं नीट बघा, पुरे. त्याच दिवशी माहुरझरीही उरकायचा आग्रह कुणी धरला तर सरळ नाही म्हणा. तिथे मणी बनवणाऱ्यांची वस्ती होती आणि घोड्यांची दफनंही सापडली आहेत. त्यासाठी वेगळी सकाळ काढा.