घरी वायरलेस माऊस बनवताना या चुका टाळा

पॉइंटर अडखळला की नवशिके आधी कोड बदलतात, मग सेन्सरवर संशय घेतात, मग नवीन रेडिओ मॉड्यूल मागवतात. वीज नीट पोचते का, हे शेवटपर्यंत कोणी मोजत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

गेल्या पावसाळ्यात गोव्यात फर्मागुडीला शिकणारा एक मुलगा माऊस घेऊन फोंड्याला माझ्याकडे आला. "काका, सेन्सर गेलाय, नवीन मागवू?" पॉइंटर थोडा सरकायचा, थांबायचा, मग एकदम उडी मारायचा. कोड त्याने मुळापासून पुन्हा लिहिला होता. रेंज भरपूर मिळावी म्हणून लांब अँटेनाचं, अँप्लिफायरवालं एनआरएफ२४एल०१ हे रेडिओ मॉड्यूल घेतलं होतं आणि त्याला वीज दिली होती आर्डुइनो नॅनो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून. ती पिन फार तर ५० मिलिअँपिअर देते. हे मॉड्यूल सिग्नल पाठवताना १०० च्या वर मागतं. प्रत्येक पॅकेटला व्होल्टेज कोसळत होतं. मी साधं, बोर्डावरच अँटेना असलेलं मॉड्यूल लावलं आणि त्याच्या वीजेच्या पिनांवरच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला. कोडची एक ओळही न बदलता माऊस चालू लागला. माऊस संगणकापासून हातभर अंतरावर असतो, त्याला अँप्लिफायर कशाला हवा?

बॅटरीवर चालवताना याच चुकीचं दुसरं रूप दिसतं. सगळे हाताशी असलेला एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) लावतात. त्याला आत येणारा व्होल्टेज आउटपुटपेक्षा साधारण एक व्होल्ट जास्त लागतो, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवरून ३.३ मिळतच नाहीत. शिवाय माऊस नुसता पडून असला तरी हा रेग्युलेटर काही मिलिअँपिअर खात राहतो. मी एमसीपी१७०० रेग्युलेटर वापरतो आणि माऊसमध्ये ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झने चालणारा प्रो मिनी बोर्ड घालतो. त्याचा पॉवरचा एलईडी पहिल्याच दिवशी काढतो.

दुसरी चूक घाईची. टेबलावर पॉइंटर हलला की लगेच कवचात बसवून सेन्सरला ग्लू गन मारायची! ऑप्टिकल सेन्सरला उंची अचूक लागते. पीएमडब्ल्यू३३६० या सेन्सरची लेन्स पृष्ठभागापासून २.४ मिलिमीटरवर असावी लागते आणि अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी तो चुकायला लागतो. तळाची जाडी सगळे मोजतात, पण खाली चिकटवायच्या टेफ्लॉनच्या पट्ट्या विसरतात. त्या लावल्या की माऊस उचलला जातो आणि कालपर्यंत चाललेला सेन्सर आज अडखळतो. मी पट्ट्या आधी चिकटवतो. सेन्सर स्क्रूवर बसवतो, खाली प्लास्टिकच्या पातळ चकत्या घालत जातो आणि पृष्ठभाग किती स्पष्ट दिसतोय ते सांगणारा सेन्सरचा एसक्यूएएल आकडा सीरियल मॉनिटरवर बघतो. तो चांगला वर गेला की स्क्रू आवळायचा. यात अख्खी संध्याकाळ जाते आणि ती जाऊ द्यावी. चाचणी काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत लाल कोब्यावर करू नका, साधा कापडी पॅड घ्या.

आपल्याकडे जूनपासून घरात सगळंच ओलसर असतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी आम्लाची सोल्डरिंग पेस्ट वापरून बोर्ड न पुसता बंद केला, तर ती ओल धरते, पिना हिरव्या पडतात आणि बटणं आपोआप दाबल्यासारखी वागतात. रोझिन असलेली सोल्डर तार वापरा आणि काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल व ब्रशने बोर्ड धुवा.

संगणकाला जोडायच्या रिसीव्हरसाठी ऊनो किंवा नॅनो बोर्ड लावून भागत नाही, संगणक त्यांना माऊस म्हणून ओळखत नाही. नावाने प्रो मिनीच्या जवळ जाणारा प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या, त्यांच्यातल्या एटीमेगा३२यू४ चिपमध्ये यूएसबी आतच असतं.

जोरात हलवल्यावर पॉइंटर उलट दिशेला पळत असेल तर आकडा ओव्हरफ्लो होतोय. माऊसच्या मूव्ह फंक्शनला −१२८ ते १२७ एवढंच कळतं. जास्तीची हालचाल टाकून देऊ नका, पुढच्या रिपोर्टमध्ये जोडा.

एका क्लिकचे दोन होत असतील तर ५ ते १० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, म्हणजे क्लिकनंतर तेवढा वेळ बटणाच्या थरथरीकडे दुर्लक्ष.

वायफाय टाळायला रेडिओ मॉड्यूलचा १०८ चॅनल निवडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो २५०८ मेगाहर्ट्झवर जातो आणि आपल्याकडे विनापरवाना पट्टा २४८३.५ लाच संपतो. ७६ वर राहा. रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टात असेल तर तिथला गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर येतो, म्हणून हातभर एक्स्टेन्शन केबल लावून तो दूर न्या.

बॅटरीबाबत मात्र मी कुणाचंच ऐकून घेत नाही. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून येतं, म्हणजे १ अँपिअर. माऊसमध्ये मावणाऱ्या ५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला हा करंट त्याच्या क्षमतेच्या दुप्पट होतो. सेल तापतो, फुगतो. "सगळे असंच करतात" हे उत्तर मला नेहमी मिळतं. तो बारीक रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावा, चार्जिंग २५० मिलिअँपिअरवर येईल आणि संरक्षण सर्किट असलेलंच मॉड्यूल घ्या. फुगलेला सेल दाबून कवचात बसवून द्या म्हणून कोणी आलं, तर ते काम मी घेत नाही.