ऑडिशन ते तक्रार: कास्टिंग काउचचा मोघमपणा कागदावर कसा आणायचा

मालिका, सिनेमा, जाहिराती, वेब सिरीज, कुठेही पाहा, कामाच्या बदल्यात शरीराची मागणी, म्हणजेच कास्टिंग काउच, सरळ शब्दांत क्वचितच होते. "कॉम्प्रो करावा लागेल", "प्रॉडक्शनशी कोऑपरेट कर", "तू फ्रेंडली आहेस ना?" अशी ती येते. मल्याळम सिनेसृष्टीची पाहणी करणाऱ्या न्या. के. हेमा समितीनंही 'कॉम्प्रोमाइज' आणि 'ॲडजस्टमेंट' हेच दोन शब्द बायकांच्या तोंडून ऐकून नोंदवले. तो अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांसमोर आला थेट ऑगस्ट २०२४ मध्ये.

शब्द मोघम ठेवले जातात ते मुद्दाम. उद्या अंगाशी आलंच तर "मी डेट्स ॲडजस्ट करायला सांगत होतो" असं म्हणता आलं पाहिजे. म्हणून पहिल्या फोनपासूनच समोरच्याला नेमकं आणि लेखी बोलायला लावायचं. खालची बहुतेक पावलं त्यासाठीच आहेत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यातली एखादी खबरदारी कोणी घेतली नसेल, म्हणून झालेल्या प्रकाराचा दोष तिच्याकडे जात नाही. रात्री मीटिंगला गेली, हसून उत्तर दिलं, दुसऱ्यांदाही गेली, तरी छळ तो छळच.

खरं ऑडिशन ओळखायचं कसं

मुंबईत वर्सोव्याचं आरामनगर, ओशिवरा, अंधेरी पश्चिम या पट्ट्यात रोज शेकडो जण ऑडिशन देतात. तिथल्या कामाची पद्धत ठरलेली असते. पात्राचं वय, थोडक्यात वर्णन आणि दोन-चार ओळींचा सीन आधी मोबाइलवर येतो. वेळ दिवसाची असते. खोलीत कॅमेऱ्यामागे एक जण, संवादाचा क्यू द्यायला दुसरा आणि बाहेर रांग. आधी नाव, वय, उंची आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल असा इंट्रो, मग सीन. दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही बाहेर. पुष्कळदा तर घरूनच सेल्फ टेप, म्हणजे स्वतः चित्रित केलेला सीन, पाठवायची असते.

कास्टिंगवाल्याला पैसे निर्माता देतो. कलाकाराकडून नोंदणी, कार्ड, फॉर्म किंवा 'लॉक' करण्याची फी मागितली गेली, तर विषय तिथेच संपवा. कोऑर्डिनेटरचं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, कमिशन काम झाल्यावर मोबदल्यातून जातं, आधी नाही. "पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून" हाही त्याच जातीचा प्रकार. पैशांसाठी होणारी फसवणूक आणि शरीरासाठी होणारी मागणी पुष्कळदा एकाच दारातून आत येतात, कारण दोघांनाही घाईतला, एकटा पडलेला नवखा माणूस हवा असतो.

बोलावणं आलं की सहा गोष्टी लिहून विचारा: निर्मितीसंस्था, दिग्दर्शक, पात्र, शूटिंगच्या तारखा, ठिकाण, मोबदला. "सगळं भेटल्यावर सांगतो" असं उत्तर आलं तर जाऊ नका. नावं मिळाली तर निर्मितीसंस्थेच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर केलेली खात्री म्हणजे ज्याच्यावर शंका, त्यालाच विचारणं. नावाजलेल्या संस्थेचं नाव वापरून साध्या जीमेलवरून येणारे मेल हा तर रोजचा प्रकार आहे.

लूक टेस्टची पायरी शॉर्टलिस्ट झाल्यानंतर येते. ती मेकअप आणि कॉस्च्युमच्या माणसांसमोर होते. पहिल्याच भेटीत अंतर्वस्त्रांतले फोटो, व्हिडिओ कॉलवर "बॉडी बघायची आहे", "केमिस्ट्री चेक" म्हणून मिठी किंवा चुंबन, यातलं काहीही भूमिकेसाठी लागत नाही. स्विमवेअरच्या जाहिरातीसाठी अंगाची ठेवण खरोखर पाहावी लागते, पण ती गरज आधी लेखी कळवलेली असते आणि खोलीत एखादी स्त्री सहकारी असते. खासगी मोबाइलवर चित्रण होत नाही.

जाताना लाइव्ह लोकेशन एका माणसाला द्या आणि बाहेर पडल्यावर फोन करायची वेळ ठरवा. येण्या-जाण्याचं वाहन तुमचं असू द्या. मूळ कागदपत्रं आणि कोऱ्या कागदावरची सही कोणालाही देऊ नका.

मेसेज आला की

असा मेसेज समजा: "लीडसाठी तुझं नाव आहे. चॅनेललाही आवडलीस. फक्त थोडा कॉम्प्रो आहे, रात्री भेटून बोलू."

घाबरून ब्लॉक करणं किंवा "हो सर, बघू" म्हणणं, या दोन्ही प्रतिक्रिया साहजिक आहेत. पण तुमच्या हातात काही उरावं असं वाटत असेल, तर एकच उत्तर पाठवा: "सर, कॉम्प्रो म्हणजे काय ते समजलं नाही. भूमिकेबद्दल ऑफिसमध्ये, दिवसा भेटू. सीन आणि तारखा इथेच पाठवा." आता त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. त्याला अर्थ लिहावा लागतो किंवा गप्प बसावं लागतं. लिहिलं तर तो पुरावा. गप्प बसला आणि भूमिकाही गेली, तर तुम्ही नकार दिला त्या तारखेची नोंद राहते. तो फोनवर बोलायला लागला तर फोन ठेवल्यावर लगेच लिहा: "आत्ता फोनवर तुम्ही जे सुचवलंत ते मला मान्य नाही." त्याला उलट टोमणा मारू नका, शिवी देऊ नका. पुढे तक्रारीची चौकशी करणारी समिती ती चॅट वाचते तेव्हा तिचं लक्ष मूळ मागणीवरच राहिलं पाहिजे.

आधी सौम्य किंवा हसऱ्या इमोजीची उत्तरं गेली असतील तर ती पुसू नका. अर्धी चॅट संशयास्पद दिसते. पूर्ण चॅटमध्ये मात्र दबाव कसा वाढत गेला ते दिसतं.

पुरावा जपण्याची पद्धत

स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कॉन्टॅक्टचं पान उघडून नंबरसकट वेगळा स्क्रीनशॉट घ्या, चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा आणि स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख पक्की होते. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर बंद करा. एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, तो दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं टिपा. तो फोन विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाती असला की ते देणं सोपं जातं.

खोलीत घडलेल्या गोष्टीचा बहुधा साक्षीदार नसतो. म्हणून त्याच रात्री विश्वासातल्या एका व्यक्तीला काय झालं ते मेसेजवर कळवा. स्वतःसाठी तारीख, वेळ, जागा, खोलीत कोण होतं आणि नेमके कोणते शब्द उच्चारले गेले ते लिहून ठेवा. रिक्षा-टॅक्सीची पावती, इमारतीच्या नोंदवहीतली सही, कॉल लॉग हे तुम्ही तिथे होतात एवढंच सांगतात. पण समोरचा "ती आलीच नव्हती" म्हणतो तेव्हा तेवढंच पुरेसं ठरतं.

तक्रार कुठे, किती दिवसांत

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, म्हणजे पॉश, फक्त पगारी नोकरदारांसाठी आहे असा समज आहे. तो चूक आहे. तक्रारदार स्त्री 'नोकरीत असो वा नसो', असं कायद्यातच म्हटलंय. म्हणून ऑडिशनला आलेली मुलगी, रोजंदारीवरची ज्युनियर आर्टिस्ट, विनामानधन असिस्टंट, सगळ्या यात येतात. कामानिमित्त जावं लागलेली जागा आणि मालकानं दिलेलं वाहनही 'कामाचं ठिकाण' ठरतं, म्हणजे आउटडोअरचं हॉटेल आणि युनिटची गाडीसुद्धा. काम देण्याचं आमिष किंवा काम काढून घेण्याची धमकी लैंगिक वागणुकीला जोडली, की कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो लैंगिक छळ होतो.

तक्रार करायला मुदत घटनेपासून ३ महिने. प्रकार वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. या क्षेत्रात ही मुदत हमखास हुकते, कारण मालिकांचं पेमेंट साधारण ९० दिवसांनी येतं आणि "चेक निघू दे, मग बोलते" असं म्हणता म्हणता तेवढेच दिवस निघून जातात. थकलेल्या पैशांसाठी थांबू नका, तक्रार आधी द्या.

ज्या निर्मितीसंस्थेचं काम, तिच्या अंतर्गत समितीकडे तक्रार जाते. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे ही समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया नाहीत, आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. कलाकार संघटनेला जरूर कळवा, पण त्यालाच तक्रार समजू नका. संघटना पाठीशी उभी राहू शकते, पॉशखालची चौकशी मात्र समितीच करते.

तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिताना विशेषणं टाळा. "त्यांनी माझ्याशी अश्लील वर्तन केलं" यातून समितीच्या हाती काही लागत नाही. "दुपारी चारच्या सुमारास त्यांनी असिस्टंटला बाहेर पाठवलं, दाराला कडी लावली, माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, लीड हवा असेल तर इतकं चालतं" यातून लागतं. शेवटी काय हवं ते स्पष्ट मागा: त्या व्यक्तीशी काम पडणार नाही अशी व्यवस्था, थकलेले पैसे, चौकशी संपेपर्यंतचं संरक्षण.

पुढे ७ कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला प्रत जाते, १० कामकाजाच्या दिवसांत त्याचं उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण, त्यानंतर १० दिवसांत अहवाल आणि ६० दिवसांत कारवाई. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, पण तक्रार लिहिताना वकिलाचा सल्ला जरूर घ्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. नंबर १५१००.

"आपसात मिटवून टाका" हे ऐकायला मिळेलच. समेट तुमच्याच विनंतीवरून होऊ शकतो, समितीनं सुचवून नाही, आणि त्यात पैशांचा सौदा करता येत नाही. "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल" ही धमकीही पोकळ आहे. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असं कायदा स्वतःच सांगतो. बदनामीच्या खटल्याची भीती घातली जाते, पण योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेली तक्रार बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद आहे. सोशल मीडियावरची पोस्ट तसा अपवाद नाही, शिवाय चौकशीचा तपशील उघड करायला कायद्यानं मनाई आहे. म्हणून आधी तक्रार, पोस्टचा विचार वकिलाला विचारून.

पोलिसांकडे

समिती आणि पोलीस, दोन्ही वाटा एकदम धरता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक सुखाची मागणी करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा देतं. कलम ६९ या क्षेत्राशी थेट संबंधित आहे: नोकरी वा बढतीचं आमिष किंवा खोटं वचन देऊन ठेवलेले शरीरसंबंध बलात्काराच्या व्याख्येत बसत नसले, तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि त्याची प्रत मोफत मिळते.

शारीरिक अत्याचार झाला असेल तर आधी सुरक्षित जागा आणि ११२, मग रुग्णालय. सरकारी असो वा खासगी, पहिले उपचार मोफत द्यावेच लागतात. जमल्यास तपासणीआधी आंघोळ करू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळण्याची औषधं जितक्या लवकर, तितकी परिणामकारक. ७२ तासांच्या आत मागा. आंघोळ झाली असली किंवा दिवस उलटले असले, तरी जा.

पॉश फक्त स्त्रियांपुरता आहे, ही त्याची मोठी उणीव आहे. मुलग्यांनाही हीच मागणी होते. त्यांना धमकी, खंडणी, मारहाण आणि चोरून केलेल्या चित्रीकरणाच्या कलमांचा आधार घ्यावा लागतो. तृतीयपंथी व्यक्तींसाठी त्यांच्या हक्कांचं संरक्षण करणाऱ्या २०१९ च्या कायद्याचं कलम १८ आहे. वय १८ च्या आत असेल तर मुलगा-मुलगी असा भेद नाही: पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो, संमतीचा प्रश्नच येत नाही आणि प्रकार माहीत असून न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८.

सही करण्याआधी, आणि सेटवर

जवळिकीचा प्रसंग असेल तर करारासोबत वेगळं पत्र जोडून घ्या. त्यात कोणता प्रसंग, शरीराचा कोणता भाग दिसणार, कोणती संरक्षक वस्त्रं, सेटवर नेमकी कोणती माणसं, न वापरलेल्या फुटेजचं काय करणार, हे सगळं लिहिलेलं हवं. "कथेच्या गरजेनुसार" हे शब्द दिसले तर खोडून घ्या. सगळी गडबड त्या दोन शब्दांतून सुरू होते. क्लोज्ड सेट म्हणजे नुसतं दार लावणं नव्हे. मोबाइल बाहेर आणि बाहेरचे मॉनिटर बंद, हे आधी पाहून घ्यायचं. पुष्कळदा आत मोजकीच माणसं असतात आणि बाहेरच्या मॉनिटरवर अख्खं युनिट बघत उभं असतं.

निर्मात्यानं प्रत्येक प्रकल्पाच्या आधी अंतर्गत समिती नेमण्याचा लेखी आदेश काढावा. समितीच न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये चित्रपटांच्या युनिटलाही ही समिती लागते असा निर्णय दिला. समितीवर दिग्दर्शकाची बायको किंवा निर्मात्याची बहीण नको, तिच्याकडे कोणी तक्रार घेऊन जाणार नाही. ऑडिशनच्या खोलीच्या दाराला काच बसवा. भूमिका कोणाला द्यायची हे एकट्या माणसाच्या हाती ठेवू नका, शॉर्टलिस्टवर तिघांच्या सह्या घ्या. आणि समितीच्या सदस्यांची नावं व नंबर रोजच्या कॉल शीटवर, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, कॉल टाइमच्या (हजर राहायच्या वेळेच्या) खालच्याच ओळीत छापा, म्हणजे स्पॉटबॉयपासून हिरोइनपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये ते रोज रात्री पोहोचतील.