हिंदी वाचणाऱ्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवताना

रविवारी सकाळी पोहे झाले की इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी येतात. चौघी आठवी-नववीतल्या, इंग्रजी शाळेतल्या. घरात मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की हिंदी नाहीतर इंग्रजी. अशा मुलांना दहा संकेतस्थळांची यादी पाठवू नका. एक उघडा आणि शेजारी बसा.

लिपी त्यांना येतेच, अडतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. 'त्याला शिक्षा झाली' वाचून भाची म्हणाली, "चांगलंच की मावशी, शिकला म्हणजे!" राग, चेष्टा, संसार, खाली, सगळ्यांची हीच गत. यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांमध्ये फुकट पाहता येते. अर्थ इंग्रजीत असल्याने या मुलींना सोयीचं पडतं, मात्र इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, तेव्हा सुरुवातीचे शब्द बरोबरीने शोधा. वहीत दोन रकाने करायचे, हिंदीतला अर्थ आणि मराठीतला. आठवड्याला पाच शब्द पुष्कळ झाले.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळाचा. तिथे एकच गोष्ट बऱ्याचदा हिंदीतही असते, मराठीतही. चौदा वर्षांच्या मुलीला चित्रांची गोष्ट नुसती वाचायला दिली तर तिला ते लहान मुलांचं वाटतं, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण भाषांतर करायला दिली की ती मन लावून बसते. तिसऱ्या पातळीची हिंदी गोष्ट निवडा, मराठी बंद ठेवा, कागदावर भाषांतर करू द्या आणि मगच मराठी उघडून ताडून पाहा. 'नानी रोटी बना रही थी' याचं आमच्याकडे 'आजी पोळी बनवून राहिली होती' असं झालं. आपण इंदूरकर असंच बोलतो आणि मला ते गोड वाटतं. मी ते खोडत नाही, शेजारी 'आजी पोळ्या करत होती' लिहिते. कुठलं कुठे शोभेल यावर मग अर्धा तास बोलणं होतं, आणि खरं शिकणं त्या अर्ध्या तासात होतं.

लिहिण्यासाठी फोनवर गूगलच्या जीबोर्डचा मराठी कळफलक घाला आणि बोलून लिहायची सोय चालू करा. काल सराफ्यातल्या खाऊगल्लीत काय काय खाल्लं ते मुलीने बोलायचं, फोनने लिहायचं, चुका तिने दुरुस्त करायच्या. हिंदीची सवय शेवटच्या अक्षरात दिसते. हिंदीत कवि, शक्ति, गुरु, तर मराठीत कवी, शक्ती, गुरू. 'आणि' मात्र ऱ्हस्वच. एका वेळी एवढी एकच गोष्ट तपासा, बाकीच्या चुका त्या दिवशी राहू द्या.

बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. आपली आई आठवीत होती त्या वर्षाचा अंक प्रत्येकीने शोधायचा, त्यातलं एक पान निवडायचं आणि संध्याकाळी घरी आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. कुठे अडखळली तर आईने लगेच सांगू नये, दहापर्यंत आकडे मोजावेत.