सिम्युलेशन झाल्यावर मुलींशी बोलताना

धुळ्यात जीएनएमच्या (नर्सिंग आणि प्रसूतिसेवेच्या डिप्लोमाच्या) मुलींना मी प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सिम्युलेशनचा, म्हणजे पुतळ्यावर सरावासाठी रचलेला, प्रसंग दरवर्षी देते. पुतळ्याखाली लाल रंगाचं पाणी सोडायचं, गर्भाशय मऊ ठेवायचं (ते घट्ट झाल्याशिवाय रक्त थांबत नाही) आणि मुलींना दहा मिनिटं द्यायची. त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत खरं शिकणं होतं, आणि नेमकं तेच आपण घाईत उरकतो. नव्याने ट्यूटर झालेल्या ताईंसाठी हे लिहिते आहे.

प्रसंग संपला की मुलींना पुतळ्यापासून लांब न्या. खुर्च्या गोल मांडा, पाणी द्या. मग एवढंच विचारा, "कसं वाटलं?" कुणी रडेल. कुणी म्हणेल, "मॅडम, माले काय सुचनंच नही." तिला "नीट मराठीत बोल" म्हणू नका. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या काही मुलींच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात. मन हललेलं असताना मराठी शब्द उशिरा येतात. प्रश्न विचारल्यावर मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. सातव्या-आठव्या आकड्याला बहुतेक वेळा कुणीतरी बोलतंच.

मग एका मुलीला काय काय घडलं ते क्रमाने सांगू द्या. निम्मे वाद इथेच मिटतात.

आता चर्चेसाठी दोनच क्षण निवडा. पूर्वी मी चेकलिस्ट वरपासून खालपर्यंत वाचायचे. मुली माना डोलवायच्या आणि पुढच्या वेळी त्याच चुका करायच्या.

क्षण निवडला की बोलायचं कसं, याची एक पद्धत सिम्युलेशननंतरच्या चर्चेवर काम करणाऱ्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली मांडली. आधी आपण काय पाहिलं ते सांगायचं, मग आपल्याला त्याबद्दल काय वाटतं ते न लपवता सांगायचं, आणि मग खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारायचं. गेल्या वर्षी साक्रीकडची एक मुलगी बाळंतिणीला, म्हणजे पुतळ्याला, तशीच सोडून ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं औषध) आणायला फ्रिजकडे धावली. मी म्हणाले, "तू फ्रिजकडे गेलीस तेव्हा पाऊण मिनिट पोटावर कुणाचाच हात नव्हता. मला काळजी वाटली, कारण तेवढ्यात गर्भाशय पुन्हा सैल पडतं. हाक न मारता गेलीस, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या गावच्या दवाखान्यात रात्री एकच सिस्टर असते. हाक मारायची कुणाला?"

वर्गात शांतता पसरली. मदतीला हाक मारायची हे तिला पाठ होतं; तिच्या डोळ्यांसमोरच्या दवाखान्यात हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं. मी नुसती रागावले असते तर हे मला कळलंच नसतं. मग सगळ्यांनी मिळून विचार केला: आईसोबत आशाताई असते, सासू असते. त्यांचा तळवा पोटावर ठेवून, गोल कसं चोळायचं ते दाखवून मग फ्रिजकडे जाता येतं.

पण प्रत्येक चुकीला असे प्रश्न नकोत. ज्ञानच अपुरं असेल तर सरळ सांगा. बाळ जन्मल्यावर ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत द्यायचं, कुणी तेच शिरेतून एकदम सोडायला निघाली तर "तुला काय वाटतं?" विचारत बसू नका. तिथल्या तिथे सांगा, कारणही सांगा: रक्तदाब एकदम उतरू शकतो.

कौतुकही नेमकं हवं. "छान केलंस" ऐकून मुलगी खूश होते, पण काय छान केलं ते तिला कळत नाही. "पॅड हातात घेऊन रक्त किती गेलं ते तू मोठ्याने सांगितलंस, त्यामुळे 500 मिलीचा टप्पा ओलांडल्याचं सगळ्यांना कळलं," असं म्हटलं की ती पुढच्या वेळी तेच करते, आणि शेजारचीही करते.

चूक कामाची सांगा, मुलीची नको. काही वर्षांपूर्वी मी एकीला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुझ्यामुळे पेशंट गेला असता." पुढचे दोन प्रसंग ती बीपीचं यंत्र धरून मागेच उभी राहिली. तिला पुन्हा पुढे आणायला मला महिने लागले, आणि त्याची खंत अजून आहे. लॅबमधली गोष्ट होस्टेलवर जाणार नाही, व्हिडिओ मोबाइलवर फिरणार नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

शेवटी वेळ काढून तोच प्रसंग पुन्हा करू द्या. साक्रीच्या त्या मुलीने दुसऱ्या फेरीत मैत्रिणीला आशाताई केलं, तिचा हात धरून पुतळ्याच्या पोटावर ठेवला, म्हणाली, "ताई, दाबून चोळा, मी येईपर्यंत सोडू नका," आणि मगच फ्रिजकडे पळाली.